तालमीत पिस्तूल क्लब काढतोय, असोसिएशनशी संलग्न व्हायचं का? (बजेट 80 हजार)

पेठकर_77
मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली आमची तालीम. खाली कुस्ती चालते, वरचा 46 फुटी हॉल मांडवाच्या सामानानं भरलाय. पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यापासून गल्लीतली नऊ पोरं मागं लागल्यात, 10 मीटर एअर पिस्तूल शिकायचंय म्हणून. (स्वप्नील रायफलवाला हे मला ठाऊक आहे, पोरांना सांगून दमलो.) दोन लेन करायच्या. सगळं मिळून 80 हजार, वर्गणीचे. जिल्हा रायफल असोसिएशनशी क्लब जोडला तर पदरात काय पडतं? आणि पिस्तूल कुठलं घ्यावं?

उजवा_डोळा
मोरिनी. डोळे झाकून. माझ्याकडं सहा वर्षं आहे, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, लोण्यासारखा. दोन लाखांच्या आसपास जाईल, पण एकदाच काय ते.

सादळे_मादळे
80 हजार म्हणालेत ते, वाचता का न्हाई? बाकी स्टायर मोरिनीपेक्षा बरं. आणि कागदी टार्गेट नको, दोन्ही लेन इलेक्ट्रॉनिक करून टाका. आमच्या पुण्याच्या क्लबात तसंच आहे.

पेठकर_77
दादा, 80 हजार.

निवृत्त_मास्तर
असोसिएशन पैसे देईल ही आशा सोडा. क्लबाला हॉल, गोळ्या, पिस्तूल सगळं स्वतःचंच करावं लागतं. उपयोग होतो तो पोरं खेळायला निघाली की. जिल्ह्याच्या वर महाराष्ट्र रायफल असोसिएशन, तिच्या वर राष्ट्रीय संघटना, जी 1951 साली ग. वा. मावळंकरांच्या पुढाकारानं झाली. राज्य स्पर्धा, मग मावळंकरांच्याच नावाची पूर्वराष्ट्रीय, मग राष्ट्रीय, अशी चढण आहे, आणि प्रवेशिका संलग्न संस्थेच्या मार्फत जाते. गल्लीत कितीही दहा-दहा गुण मारले तरी त्या शिक्क्याशिवाय ते वहीतच राहतात. पंच, रेंज ऑफिसर, सुरक्षेचे नियम शिकवणारी माणसंही तिथंच भेटतात.

हॉलचं बघा. 10 मीटर म्हणजे 33 फूट, तुमचं भागतंय. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर, टार्गेटवर उजेड 1500 लक्स. मांडवाच्या ट्यूबलाइटवर होणार नाही. टार्गेटच्या बाजूला दार असेल तर आतून कडी नव्हे, कुलूप.

गंगावेस_कट्टा
लायसन लागतंय का ते आधी बघा. नायतर पोलीस दारात.

निवृत्त_मास्तर
4.5 मिमी आणि 20 जूलच्या आत असेल तर लागत नाही. स्पर्धेची एअर पिस्तुलं त्यातच बसतात. पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल, घेतलंत की परवाना आला, आणि काडतुसांसाठी असोसिएशनच्या पाया पडणं आलं.

राहीची_गाववाली
पोरांना राही सरनोबतचं सांगा! 2018 च्या आशियाईत 25 मीटर पिस्तूलचं सोनं. अख्खं जग स्वप्नील स्वप्नील करतंय, पिस्तूलवाली आपलीच आहे की.

उजवा_डोळा
तेजस्विनी सावंतला विसरलात. 2010 ला म्युनिकला जगज्जेती.

राहीची_गाववाली
ती रायफल! धागा पिस्तूलचा आहे.

सादळे_मादळे
आणि स्वप्नील घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, कोल्हापूरनं उगाच फ्लेक्स लावू नयेत.

गंगावेस_कट्टा
स्वप्नीलचं गाव कांबळवाडी कुठल्या जिल्ह्यात येतंय भावा? राधानगरी नाशकात गेली का?

वहीवाला
संलग्नता वगैरे काही कामाची नाही. आमच्या आधीच्या गावी अर्ज आठ महिने टेबलावर पडून. शेवटी पोरं दुसऱ्या क्लबातून खेळली.

निवृत्त_मास्तर
म्हणजे संलग्न क्लबातूनच खेळली ना?

चिनूची_आई
बजेटमुळं सेकंडहँड बघत असाल तर थांबा. आम्ही घेतलं, पिस्तूल चकाचक, पुसून दिलेलं. मुलीची पहिली स्पर्धा, तपासणीच्या टेबलावर त्या माणसानं पिस्तुलाचं हवेचं सिलिंडर फिरवून तारीख वाचली आणि आमच्याकडं नुसतं बघितलं. मुदत संपून दोन वर्षं झालेली. कंपन्या साधारण 10 वर्षं घालतात, आणि आत 200 बार दाबाची हवा असते हो, खेळ नाही. उसनं सिलिंडर मिळालं, तर ट्रिगर नापास. नळी वर करून 500 ग्रॅमचं वजन टांगतात, ते उचलताना ट्रिगर सुटता कामा नये. आमचा टक् करून सुटला. चिनू रडली, मी विकणाऱ्याला फोन केला, तो उचलेना. आता आम्ही घरी किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन ठेवलंय. आणि गोळ्या शिशाच्या असतात, पोरांना हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका.

उजवा_डोळा
म्हणून म्हणतो, नवीन मोरिनी.

पेठकर_77
सगळ्यांचे आभार. मिटिंग झाली. मास्तरांचं पटलं, पण संलग्नतेचा अर्ज पुढच्या वर्षी, यंदा दिवे आणि टार्गेटमागची लोखंडी पेटी. पिस्तूल आमच्या खजिनदाराच्या मामांकडनं आणलं, स्प्रिंगचं, सिलिंडरची भानगडच नाही. साडेतीन हजार.

चिनूची_आई
अहो, विचारायचं तरी!

पेठकर_77
ताई, तुमच्यासारखं वजन टांगून बघितलं. अर्धा किलो लोंबकळतोय, ट्रिगर सुटत नाही. एक किलो लावलं, तरी नाही. शेवटी दोन किलोला सुटला. हे नियमात चालतं का?

निवृत्त_मास्तर
चालतं. नियम कमीत कमीचा आहे. पोरांचे पंजे आधी खालच्या मातीत तयार करून घ्या.