जळगावात बसून नैरोबीची गरिबी कळते का?

तापीकाठ:
मी इथे एमबीएला शिकवतो. यंदा दुसऱ्या वर्षाच्या पोरांची नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या एका भाजीवालीशी सहा आठवडे व्हिडिओवर गाठ घालून दिली. तिकडे तिला 'मामा म्बोगा' म्हणतात. मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी. (पहिला तास पोरांच्या हसण्यातच गेला.) आमचे दुपारचे दोन म्हणजे तिचे साडेअकरा, गिऱ्हाईक पातळ असायचं.

पोरांनी तिच्यासाठी माल मागवायचं ॲप आखलं. ती ऐकत होती, हात मात्र थांबले नाहीत. सुकुमाची (तिकडची पालेभाजी) पानं गुंडाळून दोऱ्यासारखी बारीक चिरायची आणि पिशवीत भरायची. पोरांचं संपल्यावर दुभाष्यामार्फत तिने एवढंच विचारलं, "यात उधारी कुठे लिहायची?" वर्ग गार. केनियात एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) २००७ साली आलं, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी. मोबाइलचं तिला काय नवल! हे मला पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

भरीतभाकरी:
सर, कौतुक आहे, पण हे काखेत कळसा अन् गावाला वळसा झालं. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं, हे तुमच्या किती पोरांना माहीत आहे? मुकादमाची उचल हंगाम संपला तरी का फिटत नाही, हे? तिथवर एसटी जाते. दुभाष्याचं म्हणाल, तर पावरी बोलणारी पोरं तुमच्याच होस्टेलात सापडतील.

तापीकाठ:
नेलं होतं एका बॅचला. पोरांनी सेल्फी काढल्या, एकानेही प्रश्न विचारला नाही. आपल्या भागाचं आपल्याला सगळं ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं. नैरोबीचं काहीच ठाऊक नाही, म्हणून तोंड उघडतं.

एमबीए_दुसरं_वर्ष:
मी त्याच वर्गात होतो. तिच्या भिशीचं (तिकडे 'चामा') मी बेधडक विचारलं. हप्ता चुकला तर काय, कोण वसूल करतं, सगळं. ती न लाजता बोलली. माझा सख्खा मामा मुकादम आहे. त्याला उचलीचं मी आजवर विचारलं नव्हतं. सुट्टीत विचारलं. हिशेबाची वही काही निघाली नाही. ताट पुढे सरकवून म्हणाला, शेवभाजी घे भो, गार होईल.

खोडवा:
दोघांचं वाचलं. मी रावेरकडचा केळीवाला. आमच्याकडेही अभ्यासाला पोरं येतात, घडाशेजारी उभं राहून फोटो काढतात, फॉर्म भरून घेतात, परत कोणी फिरकत नाही. तुमच्या सहा आठवड्यांत पोरांना मार्क मिळाले, तुम्हाला कॉलेजात शाबासकी. त्या बाईचा नेटपॅक कोणी भरला? तिच्या वेळेचे पैसे कोणी दिले? सल्लागार म्हणून दुसरं कोणी बोलावलं असतं तर मानधनाचं आधी ठरवलं असतं ना? ॲपचा घोटाळा तिनेच दाखवला, म्हणजे शिकवलं तिने.

तापीकाठ:
नेटचे पैसे पाठवले होते. वेळेचे नाही. सुचलंच नाही, खोटं कशाला बोलू.

खोडवा:
मग पाठवा. एम-पेसा आहेच तिच्याकडे.

भरीतभाकरी:
@एमबीए_दुसरं_वर्ष, पुढच्या सुट्टीत मामाकडे मला घेऊन चल. शेवभाजी तू खा, वही मी मागतो.