अनुभव धागा: आमची झेडपीची शाळा आणि तिचा निकाल

माणदेशी_लेक:
परवा दहिवडीला गेले होते. तिथं शिष्यवृत्ती परीक्षेची यादी लावलेली. गर्दी करून लोक नावं शोधत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या शाळेचं एकपण नाय, गेली ती शाळा." ते ऐकून आमच्या बाई आठवल्या. तेव्हा शिष्यवृत्ती चौथी-सातवीला असायची, भाषा, गणित, बुद्धिमत्ता असे तीन पेपर. आमच्या शाळेचं नाव यादीत कधी आलं नाही. पण बाई दुपारच्या सुट्टीनंतर, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच घेऊन बसायच्या. मी त्यातलीच. मेंढरांमागं गेलेली पोरं दिवाळीनंतर परत आली की त्यांना पुन्हा पहिल्यापासून. चौथीतून बाहेर पडताना वर्गातल्या प्रत्येकाला एसटीची पाटी वाचता येत होती. हा निकाल कुठल्या यादीत बसतो? तुमच्या शाळांचं लिहा. सातारा-सांगलीवाल्यांनी तर लिहाच.

विटेकर:
वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तमिळनाडूत. तिसरीत गावी परत आणलं तेव्हा मला तमिळ अक्षरं येत होती, मराठी येत नव्हती. गुरुजींनी अर्धा दिवस पहिलीच्या रांगेत बसवलं, अर्धा दिवस तिसरीत. कुणाला हसू दिलं नाही. खानापूर-आटपाडीत अशी पोरं दरवर्षी येतात-जातात. पट जूनला एक, जानेवारीला दुसरा. मग चाचणीचे आकडे कुणाचे म्हणायचे?

कृष्णाकाठची:
माणदेशी ताई, डोळ्यात पाणी आलं. स्वयंपाक करता करता वाचतेय, सविस्तर नंतर लिहिते.

जत_पूर्व:
आमच्याकडं एकाच आवारात मराठी वर्ग आणि कन्नड वर्ग. घरात कन्नड बोलणारी पोरं मराठीत घातली की पहिली दोन वर्षं गप्पच असतात. गणित तोंडी कन्नडमध्ये विचारा, फटाफट सांगतील. तोच प्रश्न मराठीत छापून आला की कोरा कागद. साहेब तपासणीला येतात आणि "वर्ग कच्चा" लिहून जातात. आमच्या एक बाई दोन्ही भाषा बोलायच्या. त्या होत्या तोवर वर्ग पुढं होता, बदली झाली आणि सगळं थांबलं.

डीएडवाला_कराड:
कॉलेजात असताना 'असर'च्या, म्हणजे पोरांना वाचता येतं का ते बघायच्या पाहणीला गेलो होतो. ती शाळेत नाही, घरोघरी होते. जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. मुलासमोर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवायची. पाचवीतली एक मुलगी शब्दांवर अडकली तर तिची आई मला म्हणाली, "शाळेत पास हाय की." तिचा चेहरा अजून दिसतो. एक सांगतो, त्या पाहणीवरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुमच्या तालुक्याचा किंवा शाळेचा नाही. लोक पेपरात आकडा वाचतात आणि गावातल्या गुरुजींना जाब विचारतात.

निवृत्त_बाई_जावळी:
लहान शाळेचं गणित सांगते. चौथीत पाच मुलं. परीक्षेला एक आजारी पडलं की निकाल २० टक्क्यांनी खाली. पुढच्या वर्षी तीनच मुलं, तिघंही हुशार, की शाळा शंभर टक्के. शिकवणारी मीच, शिकवणं तेच. शिक्षक दोन, वर्ग चार, आणि एक जण प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकीकडं.
पण हातावर हात ठेवून बसलो नाही आम्ही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं काम बघायला गेले होते. भिंतीला खाली, मुलांचा हात पोचेल असे फळे, फरशीवर आखलेले खेळ, काड्यांचे दशकाचे गठ्ठे. राज्यभरातून शिक्षक बघायला यायचे. जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर तर रीघच. मी परत येऊन पहिल्यांदा काय केलं असेल तर मुलांना एकामागं एक बसवणं बंद. गोल करून बसवलं. चौथीचं पोर पहिलीच्या पोराला काड्या मोजून दाखवायचं, आणि ते दाखवताना स्वतः पक्कं व्हायचं.

विटेकर:
बाई, नमस्कार. आमचे गुरुजी चिंचोके वापरायचे.

पलूसकर:
चिंचोके!! आणि सुट्टीत तेच भाजून खायचे 😄
२०१९ च्या पुरात आमच्या शाळेची पुस्तकं, तक्ते सगळं चिखलात गेलं. शाळा भरली तेव्हा बाईंनी पोरांना आधी पुराच्या गोष्टी सांगायला लावल्या, मग त्याच गोष्टी फळ्यावर लिहून वाचायला. माझा धाकटा तिथंच वाचायला लागला.

कृष्णाकाठची:
आले. पलूसकर, तुमच्याकडं नवोदयची निवासी शाळा आहे ना? पुतणी पाचवीत आहे, वाळव्यात. फॉर्म भरायचा का?

पलूसकर:
हो, सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसलाच. पाचवीत असतानाच परीक्षा, प्रवेश सहावीला, जागा ८०. ग्रामीण कोट्यातून भरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. दाखला मुख्याध्यापकांकडून आधीच घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही.

माणदेशी_लेक:
भरा वहिनी, नक्की भरा. पण नंबर नाही लागला तर पोरीला काही बोलू नका.

निवृत्त_बाई_जावळी:
आणि बुद्धिमत्तेच्या आकृत्या आत्तापासून रोज थोड्या सोडवून घ्या. माझ्याकडं जुने सराव संच आहेत. साताऱ्याला कुणी येणार असेल तर देते.

डीएडवाला_कराड:
मी रविवारी येतोय बाई. घेऊन जातो, इस्लामपूरपर्यंत पोचवतो.