परदेशातली संधी आधी कोणाला दिसते?

प्रश्न (वाशी) : येथील मसाला मार्केटमध्ये आमचा दोन पिढ्यांचा घाऊक व्यापार असून आता निर्यातीचा विचार आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी दुकानदाराला जी मागणी सहज दिसते, ती न्हावा शेवा बंदर इतके जवळ असूनही आम्हाला का दिसत नाही?

उत्तर (ऐरोली) : अडचण बंदराची नाही, गिऱ्हाइकाच्या ओळखीची आहे. उद्योजकतेचे अमेरिकी अभ्यासक स्कॉट शेन यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील त्रिमितीय छपाईच्या एकाच शोधातून आठ उद्योजक-गटांना आठ वेगळे व्यवसाय सुचले, कारण प्रत्येकाचे पूर्वज्ञान वेगळे होते. स्थलांतरिताला दोन्हीकडच्या किमती, चवी आणि माणसे ठाऊक असल्यामुळे त्यांतील तफावत त्याला न शोधताच जाणवते; मात्र तो बहुधा आपल्याच समाजाच्या गिऱ्हाइकापाशी थांबतो, असे माझे मत आहे.

उत्तर (ठाणे) : सहमत आहे, पण स्थानिकाची बाजू इतकीही लंगडी नाही. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग व सिंगापूर यांनी इथिलिन ऑक्साइड या निर्जंतुकीकरणाच्या वायूच्या कारणावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हा माल कोठे आणि कसा निर्जंतुक होतो हे जाणणाऱ्यालाच त्या बातमीत तपासलेल्या मालाची संधी दिसू शकत होती.

प्रश्नकर्ते : मग लंडनच्या नातलगाला भागीदार करावे का?

उत्तर (ऐरोली) : केवळ नातलग म्हणून नको. उपाहारगृहांना माल पुरवणारे तिथले घाऊक व्यापारी त्यांच्या ओळखीचे आहेत का, ते आधी विचारा. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) आणि मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी तोवर करून घ्या.