एसबीईएमयू चालतं, पण ईएमएम३८६ काढा
नव्या मदरबोर्डवर शुद्ध डॉसमध्ये साउंड ब्लास्टर (जुने डॉस गेम ज्यावर आवाज काढतात ते साउंड कार्ड) मिळणारच नाही, डॉसबॉक्सच (आजच्या सिस्टिमवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा, हे वर आलेलं मत पटलं नाही. बोर्डाला सीएसएम (जुन्या बायोससारखं बूट करू देणारी सोय) असेल आणि त्यामुळे डॉस बूट होत असेल, तर एसबीईएमयू हा डॉसमधला प्रोग्राम ऑनबोर्ड एचडी ऑडिओवरच नकली साउंड ब्लास्टर उभा करतो. धाग्यात एक गोष्ट राहिली: मायक्रोसॉफ्टचा मेमरी मॅनेजर ईएमएम३८६ इथे कामाचा नाही. गेम २२० पोर्टवर (साउंड ब्लास्टरच्या पत्त्यावर) जे लिहितो ते मधेच अडवावं लागतं, आणि ती सोय जेमएमएक्स या दुसऱ्या मेमरी मॅनेजरमध्ये आहे. म्हणून कॉन्फिग.सिसमध्ये तोच टाका. मग ऑटोएक्झेकमध्ये आधी जेमएमएक्ससोबतच्या जेलोडने क्यूपीआयईएमयू.डीएलएल (अडवण्याची सोय एसबीईएमयूला वापरू देणारी फाइल), नंतर एचडीपीएमआय३२आय, शेवटी एसबीईएमयू. क्रम चुकवू नका. एचडीपीएमआय हवाच, कारण डूमसारखे डॉस/४जीडब्ल्यूवाले गेम प्रोटेक्टेड मोडमध्ये (प्रोसेसरच्या ३२-बिट मोडमध्ये) चालतात आणि तिथलं पोर्ट अडवणं त्याच्याकडे असतं.

'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट' म्हणून लोड व्हायचं थांबलं, तर एसबीईएमयू जो ७ नंबरचा आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) मागतो, तोच बायोसने खऱ्या ऑडिओ चिपला दिलेला असतो. एसबीईएमयूला /आय५ द्या आणि गेमच्या सेटअपमध्येही ५ करा, हे दुसरं हमखास विसरलं जातं. सगळं नीट लोड होऊनही शांतता असेल, तर आवाज बहुतेक ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयकडे चाललाय: /एससीएलने यादी बघा, /एससीने योग्य कार्ड निवडा. लॅपटॉपवर हेडफोनसाठी /ओ० लागतं. आणि स्वतःच थेट प्रोटेक्टेड मोडमध्ये उडी मारणारे काही गेम जेमएमएक्सखाली सुरूच होत नाहीत. फक्त त्यांच्यासाठी डॉसबॉक्स ठेवा.