स्क्रिव्हनर जरूर वापरून बघा
तुम्ही विचारलंत, चाळीसेक प्रकरणांची कादंबरी वर्डमध्ये आवरेनाशी झाली आहे, तर स्क्रिव्हनर हे लेखनाचं सॉफ्टवेअर वापरून बघावं का? जरूर बघा. मी नवी मुंबईतल्या घणसोलीत राहते, माझी कादंबरीही इथल्याच एका आगरी घराची आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली तिथपासून जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासई आंदोलनापर्यंत. तीन पिढ्या, काळ सारखा मागेपुढे. वर्डच्या त्या एका लांबलचक फाइलमध्ये काही सापडायचंच नाही.

स्क्रिव्हनरमध्ये प्रत्येक प्रसंग वेगळा ठेवला, पिढीनुसार रंग दिले आणि कॉर्कबोर्डवर, म्हणजे पडद्यावरच्या फळ्यावर, प्रसंगांची कार्डं मांडली. तेव्हा दिसलं, आजीची नथ सातव्या प्रकरणात गहाण पडलीय आणि अकराव्यात, लेकीच्या हळदीला, आजीच्याच नाकात आहे! इतक्यांदा वाचूनही हे नजरेतून निसटलं होतं. आता मोठी कापाकापी करण्याआधी त्या प्रसंगाचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी प्रत, घेते. जुना खर्डा जागेवर असतो, त्यामुळे हात मोकळेपणाने चालतो.

एक मात्र आधी करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) नसेल तर रूपांतर करून घ्या, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. माझी दोन प्रकरणं तशी होती. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालाच.

स्क्रिव्हनरच्या मोफत चाचणीच्या ३० दिवसांत फक्त वापरलेले दिवस मोजले जातात. शनिवार-रविवारच लिहीत असाल तर जवळजवळ साडेतीन महिने मिळतील. प्रकाशकाला पाठवताना कम्पाइल करून, म्हणजे सगळे प्रसंग एकत्र जोडून, वर्डची फाइल काढता येते.