डेल्फ्टला मास्टर्स म्हणजे नोकरी पक्की?

खाडीपलीकडचा:
एका काउन्सेलरची पोस्ट फिरतेय: अमेरिकेचा नाद सोडा, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट नाहीतर आइंडहोव्हन गाठा, सगळं इंग्रजीत, दोन वर्षांत एएसएमएल, म्हणजे चिप बनवायची यंत्रं करणारी तिथली कंपनी. वाचून डोकं फिरलं. डेल्फ्टची फी आपल्याला वर्षाला वीस हजार युरोच्या वर. पार्ट टाइम आठवड्याला जास्तीत जास्त 16 तास, तेही मालकाने परमिट काढलं तर. आणि खोली? घरात आधीपासून राहणारी पोरं एका संध्याकाळी सगळ्या उमेदवारांना बोलावतात आणि एकाला पसंत करतात. कांदेपोहेच, फक्त पोहे मिळत नाहीत. काही जाहिरातींत तर 'इंटरनॅशनल नको' असं सरळ लिहिलेलं. हे तो काउन्सेलर कशाला सांगेल!

खडूस_कोल्हापुरी:
मग जर्मनीत आखनला जावा की. फी नाही. म्युनिकने 2024 पासून लावली म्हणून सगळी जर्मनी महाग झाली नाही.

चक्रधर:
रडगाणं पुरे. मी आइंडहोव्हनचाच. दहापैकी सात पडले तेव्हा रात्रभर झोप नाही. इकडे 90 टक्केवाला होतो ना. नंतर कळलं, तिथे आठ म्हणजे हुशार आणि दहा जवळजवळ कुणाला देतच नाहीत. थिसिस कंपनीत केला, प्राध्यापकाला नावाने हाक मारायचो. डिग्रीनंतर झूकयार मिळतं: वर्षभर कुठलीही नोकरी करा, वेगळं वर्क परमिट नको. अमेरिकेत एच-वन-बीची लॉटरी लागायची वाट बघत बसण्यापेक्षा बरं. डच? दुकानात 'दांक यू' म्हटलं की झालं.

खाडीपलीकडचा:
चिपवाल्यांकडे झालं. माझ्या रूममेटने डेल्फ्टला पाण्याचं इंजिनिअरिंग केलं. पूर आणि बंधारे सांभाळणाऱ्या वॉटरस्खापमध्ये त्याची मुलाखतच डचमध्ये. पोरगा गप्प. पदवीच्या वर्गांत डच वाढवायचं विधेयक 2024 मध्ये त्यांच्या संसदेत गेलं, ते काय उगाच?

हडपसरची_सून:
वा चक्रधर! म्हणजे हिंजवडीत दहा वर्षं राहून 'मराठी नही आती' म्हणणाऱ्याला आपण झापायचं, आणि आपण तिथे 'दांक यू'वर भागवायचं?

चक्रधर:
झाली सुरुवात! डच लोकच लगेच इंग्रजीवर येतात, मी काय करू? पुण्यात रिक्षावाल्याशी हिंदी आधी कोण सुरू करतं? आपणच ना?

खडूस_कोल्हापुरी:
ते पुण्यात. कोल्हापुरात करून दाखवा.

हडपसरची_सून:
आपण हिंदी सुरू करतो हे खरं, दुर्दैवाने. पण तुम्ही पाच वर्षांत एक क्लास लावला नाहीत, ते कुणामुळे? रिक्षावाल्यामुळे?

चक्रधर:
बरं बाई, तुम्ही जिंकलात. सोमवारपासून डच. मराठीचा क्लास बॉसला लावायचा का तेही सांगून टाका.

सातारची_आई:
भाषेचं भांडण नंतर करा हो. मुलाला डेल्फ्टचं ॲडमिशन मिळालंय, तो 'ऑगस्टमध्ये बघू' म्हणतो. खोलीचं कधी बघायचं?

खाडीपलीकडचा:
आजच, काकू. युनिव्हर्सिटीतर्फे राखीव खोली मिळते का ते ॲडमिशनच्या मेलमध्ये बघा. असली तर मुदत संपायच्या आत पैसे भरा. रूम डॉट एनएल या विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या साइटवरही नाव घाला, तिथे नोंदणीच्या तारखेपासून नंबर धरतात. खोली बघितल्याशिवाय किंवा करार हातात आल्याशिवाय व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही घरमालकाला डिपॉझिट पाठवू नका. आणि मुलाला ऑगस्ट विसरायला सांगा.