मेकॅनिकल झालं, आता विमानाकडे? (सोसायटी ग्रुप)

वैशालीताई, सी-२०३: नमस्कार मंडळी. आमच्या ओमचं बीई मेकॅनिकल झालं. आता विमानाच्या मेंटेनन्समध्ये जायचं म्हणून राहिला. आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये डिग्रीवर थेट घेतात का हो?

काका, ए-१०१: घेतील नं! पूर्वी एअर इंडियाचं असलेलं एवढं मोठं एमआरओ, म्हणजे विमानदुरुस्ती केंद्र, आहे तिथं. बोइंगनं बांधून दिलंय.

निखिल, डी-४०४: काका, घेतात, पण कशासाठी ते पाहा. ताई, मी हँगरमध्येच आहे. काम झाल्यावर विमान उडायला सोडायची सही लायसनवाल्या एएमईचीच, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअरचीच चालते. डिग्रीवर ती सही मिळत नाही.

वैशालीताई: म्हणजे चार वर्षं पाण्यात?

निखिल: नाही हो. पण डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मॉड्यूल (विषयवार पेपर) द्यावी लागतात, प्रत्येकात पास व्हायला ७५ टक्के. शिवाय चालू विमानांवरचा अनुभव. मेकॅनिकलवाल्यानं लायसनची बी १.१ कॅटेगरी करायची, म्हणजे जेटसारख्या टर्बाइन विमानाचा सांगाडा आणि इंजिन. सीएआर-१४७ (डीजीसीएचा प्रशिक्षण संस्थांसाठीचा नियम) मान्यतेच्या संस्थेतून पूर्ण कोर्स केला तर २ वर्षांचा अनुभव लागतो. आधीचं काहीच तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर ५. लायसननंतरही त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलपुरती परवानगी, वेगळं.

काकू, बी-३०१: मोटर आज कोणी चालू केली नाही का? चौथ्या मजल्यावर थेंब नाही.

काका: करतो. निखिल, एका एएमई कोर्सच्या जाहिरातीत तर '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलंय बाप्पा.

निखिल: जाहिरात राहू द्या काका. संस्थेची मान्यता डीजीसीएच्या यादीत पाहा, तीसुद्धा कोणत्या कॅटेगरीची. पैसे त्यानंतर. आणि लायसन नकोच असेल तर प्लॅनिंग, टेक्निकल सर्व्हिसेस, क्वालिटी इथं इंजिनिअर लागतातच. मिहानमधल्याच दसॉ-रिलायन्स कंपनीत फाल्कन बिझनेस जेटचे भाग बनतात, पण ते उत्पादन झालं, मेंटेनन्स नाही.

वैशालीताई: त्याला हातानं काम करायचं आहे. टेबल नको म्हणतो.

निखिल: मग सुरुवात हेल्परसारखी होईल, सांगून ठेवा. टॉर्च आणि आरसा घेऊन पंखाच्या पोटात वाकून रिव्हेट पाहायचे. शिफ्ट संपताना टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची जागा भरलेली पाहिजे. एक पाना कमी निघाला की सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग रात्रीचे दोन वाजोत.

वैशालीताई: रात्रपाळी पण?

निखिल: असतेच. विमानतळावरच्या लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या तपासणी-दुरुस्तीला तर हमखास, विमानं दिवसा उडतात नं. रविवारी पाठवा त्याला. मॉड्यूल १० कायद्याचं आहे, पुस्तक देतो. ते वाचूनही उत्साह राहिला तर पुढचं बोलू.